बारावीचं हस्तलिखित: 'पुढे काय करणार' या रकान्यात काय लिहू?

मृगबाग
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. मी रावेर तालुक्यातली, यंदा बारावी सायन्स. फेब्रुवारीत बोर्ड, त्याआधी निरोप समारंभ. आमच्या शाळेत बारावीचा वर्ग जाताना एक हस्तलिखित करून वाचनालयाला देतो. प्रत्येकाला अर्धं पान. स्वभाव, एखादा किस्सा, आणि खाली रकाना: 'पुढे काय करणार'. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पाचवीपासून बहुतेक तीच पोरं सोबत आहेत, त्यामुळे स्वभाव लिहायला अडत नाही. अडतंय ते खालच्या रकान्यात. आधी नमुने वाचा. खरी नावं दिली तर मार खाईन, म्हणून टोपणनावं.

व्हॉल्व्ह: वडिलांचं ठिबकचं दुकान. कुठे पाणी गळताना दिसलं की ह्याला चैन पडत नाही. मुलींच्या बाजूचा नळ कित्येक महिने टपकत होता, सर अर्जावर अर्ज लिहीत होते, ह्याने मधल्या सुट्टीत खिशातून वॉशर काढून बसवला. खिशात वॉशर का होता ते विचारायचं नाही. फिजिक्सच्या पेपरात वाहत्या पाण्याचा बर्नूलीचा नियम मात्र हमखास चुकतो. पुढे: डिप्लोमा, थेट दुसऱ्या वर्षाला.

जिजी: वय सतरा, वागणं सत्तरीचं. दप्तरात ओव्याची पुडी, सेफ्टी पिना, सुईदोरा. सहलीला तोरणमाळच्या घाटात निम्मी बस आडवी झाली तेव्हा लिंबू हिच्याकडेच निघालं. सरांनाही तिने दटावून पुढच्या सीटवर बसवलं. पुढे: नर्सिंग. ह्यावर वर्गात कोणाचंच दुमत नाही.

एक्सप्रेस: पहाटे शेतरस्त्याने पळते. आधी कुत्री मागे लागायची, आता कुत्र्यांनी नाद सोडलाय. पुढे: पोलीस भरती.

घड: हा खरा अवघड. बायोलॉजीला सर विषाणूंचे रोग शिकवत होते, पुस्तकात उदाहरण तंबाखूचं. हा उठून म्हणाला, सर, तंबाखू इथे कोण लावतो, हरण्याचं सांगा ना. आणि मग स्वतःच सांगत सुटला. हरण्या म्हणजे केळीवरचा कुकुंबर मोझॅक विषाणू, तो मावा किडीने पसरतो, म्हणून बागेत नि बांधावर काकडी-भोपळ्याचे वेल ठेवू नका, रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटून लांब नेऊन गाडा. सर खुर्चीवर बसून ऐकत राहिले. बागेतून चालताना हा कुठला घड किती किलो भरेल ते सांगतो आणि काट्यावर फारसा चुकत नाही. त्याला विचारलं, पुढे काय लिहू? म्हणे, कृषी अधिकारी. मी म्हटलं, तू तर सीईटीचा फॉर्मही भरणार नाहीयेस, शेतकरी लिहिते. तर म्हणे, "शेतकरी लिहू नको भो. हस्तलिखित वाचनालयात राहतं. उद्या सोयरीक यायची बंद होईल." (तो मला भोच म्हणतो.)

मॅडम: एसटीत शाळेला येता-जाता निम्म्या बसला गणित शिकवते. कंडक्टरच्या मुलाचे अपूर्णांकही हिनेच सोडवून दिले. चिडत नाही, ओरडत नाही, फक्त "परत बघ" म्हणते आणि आपण परत बघितलं की चूक दिसते. तिला विचारलं तर म्हणाली, "घरचे म्हणतील ते." पुन्हा विचारलं तर, "लिही काहीही." दिवाळीपासून तिच्याकडे पाहुणे येऊन जातायत, हे सगळ्या वर्गाला माहीत आहे.

तर प्रश्न असा: ते सांगतात ते लिहायचं की मला दिसतं ते?

वांग्याचं_भरीत
पहिला मी. निरोप समारंभात भरीत-पुरी आहे की नुसता समोसा-वेफर्स? त्यावर माझं मत अवलंबून राहील.

भुसावळ_यार्ड
पान ज्याचं, मर्जी त्याची. सांगतील तेच लिही बेटा.

आमचा वर्ग रेल्वे कॉलनीचा. बापांच्या बदल्या व्हायच्या, त्यामुळे बाकावर डाव्या हाताला बिहार आणि उजव्या हाताला आंध्र. त्यात एक 'टाइमटेबल' होता. भोंगा ऐकून इंजिन कुठलं ते सांगायचा. मालगाडी गेली की खिडकीतून डबे मोजणार. एकदा मास्तरांनी छडी उगारली तर हा म्हणतो, "सर, एक मिनिट, पन्नास झालेत, आठ राहिलेत." मास्तर छडी उगारून तसेच उभे, गाडी गेल्यावर दिली. त्याने रकान्यात इंजिन ड्रायव्हर लिहिलं होतं. लेखी परीक्षा पास झाला, मेडिकलला रंग ओळखायच्या तपासणीत अडकला. आता तिकीट खिडकीवर आहे. कुठल्याही गाडीचं विचारा, स्क्रीनकडे न बघता सांगतो, वर ती आज किती लेट आहे तेही. आम्ही तेव्हा "हा चौकशीच्या खिडकीत शोभेल" असं लिहिलं असतं तर खरंच ठरलं असतं, पण त्याने आम्हाला यार्डात पुरलं असतं.

रोखठोक
लिहितेस छान. पण एक विचारू? तुझ्या वर्गात खडूस कोणीच नाही का? सगळे कसे गोजिरवाणे. अशी हस्तलिखितं मी खूप पाहिलीत, वाचून वाटतं शाळेतून संतांची दिंडी निघाली.

दुसरं. हा रकाना पोरं लिहितच नाहीत. तो केळीचा भाव लिहितो. भाव पडला की पोराचं लातूरचं नीटचं क्लास रद्द आणि पोरीचं कॉलेजच रद्द. क्रम बघा, पोरीचं आधी. घडला शेतकरी म्हणवून घ्यायला लाज वाटत नाहीये, त्याला लग्नाचा बाजार कळलाय. ऐंशी गुंठे बाग असलेला मुलगा नको, पुण्यात बारा हजारांवर राबणारा चालतो, हे आपल्याच घरातल्या बैठकीत ठरतं ना? मग त्या पोराला खरं लिहायला सांगणारे आपण कोण?

मृगबाग
@रोखठोक काका, खडूस आहेत की. त्यांची पानं इथे दिली नाहीत एवढंच. एकाने माझी जर्नल नेऊन दोन महिने परत केली नव्हती, त्याच्या पानावर 'वस्तू जपून ठेवतो' असं लिहिलंय.

बाजूच्या बाकावरचीला मुंबईला मेकअपचा कोर्स करायचाय, घरी सांगितलंय बी.फार्म. तिचं काय लिहायचं तोही प्रश्न आहेच, पण ती म्हणते बी.फार्मच लिही, स्पेलिंग तेवढं बरोबर लिही.

वांग्याचं_भरीत
'वस्तू जपून ठेवतो' 😂 हे पान फ्रेम करा.

बोरीकाठ
हस्तलिखित म्हटल्यावर अमळनेरकराला गप्प बसवत नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 इथे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहायचे. रोजच्या रोज, बरं का. 1928 साली 'विद्यार्थी' मासिक काढलं ते वेगळंच. 1930 ला कायदेभंगात उतरायला त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा पोरी, तुला अर्ध्या अर्ध्या पानाचा कंटाळा येईल तेव्हा रोज अख्खं दैनिक लिहिणारा माणूस आठव.

आता आमचा किस्सा. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते. आमच्या वर्गातला एक जण यात्रेचे दिवस घरी नसायचाच, आकाशपाळण्याच्या तिकिटांवर बसायचा. सुट्ट्या पैशांचा हिशेब असा तोंडपाठ की गणिताच्या सरांनी त्याला काठावर पास केलं ह्याचंच नवल. बारावीला त्याने रकान्यात लिहिलं, "स्वतःचा पाळणा घेणार." वर्ग फुटला हसून. सरांनी लाल पेनाने खोडून 'व्यवसाय' केलं. त्याने पाळणा घेतला. नंतर मौत का कुआँही. मला वाईट एवढंच वाटतं की हस्तलिखितात 'व्यवसाय' राहिलं. त्या एका शब्दात अख्खा पाळणा गेला की हो.

म्हणून मी भुसावळ_यार्ड यांच्या बाजूने. सांगतात ते लिही, आणि सरांना लाल पेन देऊ नकोस.

निवृत्त_फळा
लाल पेनवाल्यांतला मीही एक, छत्तीस वर्षं. बचाव करत नाही, पण बाजू ऐका. हस्तलिखित संस्थेचे चेअरमन बघतात, पालक बघतात, तपासणीला आलेले साहेब बघतात. पाळणा लिहिलं की विचारणार, तुम्ही शिकवता काय? जुन्या अंकांत तर सरसकट 'देशसेवा' नाहीतर 'समाजसेवा'. एका साली वर्गातल्या एकोणीस जणांनी देशसेवा लिहिलं होतं. त्यातले बरेच जण आता नाशिकला सातपूर-अंबडला कंपनीत आहेत, तीही देशसेवाच समजा.

मॅडमबद्दल मात्र सावध राहा. घरात बोलणी चालू असताना तू 'प्राध्यापक होणार' असं लिहिलंस आणि ते पान कोणी पाहुण्यांनी वाचलं, तर घरी तिला ऐकून घ्यावं लागेल. तुला नाही.

वर्दी
एक्सप्रेससाठी लिहिते, मी स्वतः भरतीतून आलेली आहे. अठरा पूर्ण झाली का बघा. महिलांना उंची 155 सेंमी लागते. मैदानी 50 गुणांची: 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. लेखी 100 ची. गावाकडच्या पोरी 800 मध्ये गुण काढतात आणि गोळ्यात घालवतात, कारण गोळा कोणी हातातच घेतलेला नसतो. 4 किलोचा असतो. आत्तापासून घ्यायला सांग.

धाग्याबद्दल: माझ्या पानावर मैत्रिणीने लिहिलं होतं, 'हिच्याशी भांडू नये.' पुढे काय करणार तिथे डी.एड.

धडगाव_घाट
मी आश्रमशाळेत शिकलो. आमच्याकडे हस्तलिखित वगैरे नव्हतं, भिंतीवर कोळशाने नावं होती. पण एक माणूस मला लिहायचाच आहे.

त्याला आम्ही दुभाषा म्हणायचो. आमची घरची बोली पावरी, काही पोरांची भिली, आणि गुरुजी आलेले तुमच्या जळगावकडून, रागावले की अहिराणीत रागवायचे. दुभाषा पहिल्या बाकावर बसून गुरुजींचं मराठी पावरीत सांगायचा, आमचं पावरी मराठीत. पण सगळं जसंच्या तसं नाही. गुरुजी म्हणायचे, "डोक्यात दगड भरलेत का?" हा आम्हाला सांगायचा, गुरुजी म्हणतात अजून एकदा बघा. आम्ही काहीतरी वाकडं बोललो तर गुरुजींना सांगायचा, समजलं म्हणतात. दोन्हीकडून भांडण त्याने कित्येक वर्षं थोपवून धरलं. काही वर्षांनी गुरुजींना पावरी येऊ लागली तेव्हा आमच्या लक्षात आलं की त्यांनाही सगळं कळत होतं.

होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार, मग काठी गावची होळी, आणि त्याच दिवसांत बारावीचे पेपर. ढोल ऐकू येतात आणि तुम्ही केमिस्ट्री वाचताय. दुभाषाने पेपर सगळे दिले, होळीही केली, कशी ते त्यालाच माहीत. 'पुढे काय' असं आम्हाला कोणी विचारलंच नाही. निम्म्यांचे आईबाप गुजरातेत ऊसतोडीला असायचे, परीक्षा संपली की पोरं तिकडे. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ठरलं नाही. तो आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे, बाहेरच्या डॉक्टरांचं म्हणणं बायामाणसांना सांगतो. हुद्दा वेगळाच आहे, काम हेच करतो. मला खात्री आहे, अजूनही सगळं जसंच्या तसं सांगत नसणार.

भुसावळ_यार्ड
धडगाव_घाट, भाऊ, तुम्ही वेगळा धागा काढा. खरंच.

सुरतकर_खान्देशी
घडला माझा निरोप द्या. 'शेतकरी' लिहू नको, 'कृषी अधिकारी' तर मुळीच नको, उद्या कोणी ओळखपत्र मागेल. 'केळी उत्पादक व निर्यातदार' लिही. सोयरीकवाले स्वतः गाडी करून येतील. जळगावची केळी आखातात जातातच, एखादा कंटेनर ह्याच्या बागेतून गेला की शब्द खरा.

मी आमच्या वर्गाचा 'सुरतवाला'. दहावी नापास होऊन उधन्याला लूमवर लागलो होतो, परत येऊन बारावी केली. माझ्या पानावर काय होतं आठवत नाही. रकान्यात नक्कीच 'सुरत' असणार. गाव हेच करिअर.

रोखठोक
निर्यातदार 😄 हे मान्य. ह्या धाग्यातलं एकमेव कामाचं वाक्य.

आबा_शिंदखेडा
आमच्या धुळ्याकडे असली नाटकं नव्हती. बारावी झाली, शेवभाजी खाल्ली, घरी.

वांग्याचं_भरीत
शेवभाजीचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो, धुळ्याची शेवभाजी म्हणजे लाल पाणी. शेवभाजी जळगावची.

आबा_शिंदखेडा
ये एकदा. काळ्या मसाल्याची खाऊ घालतो. मग बोल.

निवृत्त_फळा
अरे पोरगी काय विचारतेय, तुम्ही काय सांगताय.

अंजनीकाठ
मी उशिरा आले, पण मॅडमबद्दल लिहायचंच आहे. "घरचे म्हणतील ते" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, एरंडोलला, बारावीलाच. त्यात नुसती मान खाली घालणं नसतं. मला काय हवं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते वर्गात मोठ्याने म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी पोचलं असतं, आणि घरात ते मला माझ्या वेळेला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठी आत्या माहेरपणाला आल्यावर, तिच्या पाठीशी उभं राहून काढायचं होतं. गप्प राहण्यातही डाव असतो हो. तिला बिचारी समजू नकोस.

माझा डाव फसला, ते सांगून टाकते. आत्याच म्हणाली, स्थळ चांगलं आहे. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. बी.कॉम. नंतर बाहेरून केलं, मुलगी बालवाडीत असताना. पण हस्तलिखितातलं माझं पान मैत्रिणीने असं लिहिलं होतं: 'वर्गाच्या सहलीचा हिशेब हिने ठेवला आणि सव्वा रुपया उरला तोही परत वाटायची खटपट केली.' बस, एवढंच. कुठेही अकाउंटंट होणार वगैरे नाही. सासरी बचत गटाचं खातं कोणाकडे द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा मीच ही गोष्ट सांगितली आणि वही माझ्याकडे आली.

म्हणून माझं मत वर आलेल्या दोन्ही बाजूंपेक्षा थोडं वेगळं. वरच्या अर्ध्या पानावर तुला दिसतं ते लिही, एसटी, अपूर्णांक, "परत बघ", सगळं. ते वाचून पाहुण्यांची हरकत असायचं कारण नाही. रकान्यात तू हात घालू नकोस. तिथे तिचं तिला लिहू दे, तिच्या अक्षरात, कधी लिहायचं तेही तिच्यावर सोड.

निवृत्त_फळा
अंजनीकाठ ताई, हे मला मास्तर असताना सुचायला हवं होतं. प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहिलं असतं तर माझं लाल पेनही वाचलं असतं.

रोखठोक
तरी भाव पडला की काय, ह्याचं उत्तर मिळालं नाही. मी आपला विचारत राहणार.

मृगबाग
सगळ्यांचे आभार. अंजनीकाठ ताईंचं मी वर्गात वाचून दाखवलं (सव्वा रुपयाचा किस्सा सांगून, नाव न सांगता). ठरलं असं की रकाना ज्याचा त्याने स्वतःच्या अक्षरात भरायचा. त्यामुळे हस्तलिखिताची शोभा गेली आहे, व्हॉल्व्हचं अक्षर पाइपातून आल्यासारखं आहे, पण असू दे.

घडने 'केळी उत्पादक व निर्यातदार' लिहिलं. सुरतकर काका, तो तुम्हाला पहिली पेटी पाठवणार म्हणालाय. मग 'निर्यातदार'च्या पुढे कंसात 'आखात' लिहिलं, ते मी खोडायला लावलं. केळीची कांदेबाग निघायच्या आत एवढा आव कशाला.

एक्सप्रेसने गोळ्याऐवजी घरचा पाटा उचलायला सुरुवात केली आहे. आई ओरडतेय.

मेकअपवालीने बी.फार्म लिहिलं, स्पेलिंग बरोबर.

मॅडमने माझ्याकडून पेन घेतलं, घड्याळ बघितलं, आणि 'बी.एस्सी. गणित, फैजपूर' असं लिहून पेन परत दिलं. मी काही विचारलं नाही. मग एसटी चुकेल म्हणून पळाली.

रोखठोक
आणि घरी?

मृगबाग
घरी अजून कोणी वाचलेलं नाही काका. हस्तलिखित वाचनालयात जाईल फेब्रुवारीत. तोवर तिच्याकडे वेळ आहे.

अंजनीकाठ
तिला आत्या आहे का विचार. आणि असली तर ती कोणाच्या बाजूची, तेही आधीच विचार.

भुसावळ_यार्ड
सगळ्यांची पानं झाली. तुझं कोणी लिहिलं बेटा?

मृगबाग
व्हॉल्व्हने. जसंच्या तसं देते: "अक्षर चांगलं. दुसऱ्याच्या चुका लगेच दिसतात. उधार दिलेली जर्नल विसरत नाही. मराठीच्या तासाला हिने लिहिलेला निबंध मी माझा म्हणून वाचला आणि मला जास्त मार्क पडले, हे ती अजून सगळ्यांना सांगते." खाली रकाना रिकामा आहे. आज रात्री भरते, आधी केमिस्ट्रीची जर्नल पूर्ण करायचीय, उद्या प्रॅक्टिकल.

वांग्याचं_भरीत
भरीत-पुरीचं शेवटी काय ठरलं?

मृगबाग
वरण-बट्टी. सर म्हणाले भरिताला वांगी भाजायला माणसं लागतात.

वर्दी
एक्सप्रेसला सांग, पाटा नको. मनगट जाईल. शाळेत पी.टी.च्या सरांकडे गोळा असतो, कपाटात पडलेला असणार, मागून घे म्हणावं. आणि फेकायचा म्हणजे चेंडूसारखा नाही, मानेजवळ टेकवून ढकलायचा. कोणी दाखवणारं नसेल तर मला मेसेज कर, मी रविवारी रावेरला असते.